विचारा आणि गप्प बसा

इस्पितळाच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग होता. वरच्या पाच मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, सगळं ढकलगाड्यांतून तिथे उतरायचं आणि धुऊन, वाळून, घडी होऊन परत वर जायचं. तिथे एकोणीस वर्षं घड्या घालणाऱ्या एका बाईला सगळे घडीताई म्हणायचे. तिच्या घडीत एक सूतही इकडचं तिकडे नसायचं. वरच्या नर्सना कपाट उघडलं की कळायचं, हा गठ्ठा कुणाच्या हातचा.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि मेट्रनबाईंनी घडीताईला वर बोलावून किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.

"उद्यापासून विभाग तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

घडीताई "बरं" म्हणाली. जिना उतरता उतरता ती मनात माणसं मोजत होती. हाताखाली माणसं पाच, त्यातली तिघं तिच्यापेक्षा वयाने मोठी. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांना आता कामं सांगायची होती.

घरी तिच्या नवऱ्याला मात्र आभाळ ठेंगणं झालं. तो एका अकरा मजली कचेरीत लिफ्टमन होता, आणि त्याला एकच नाद होता. यशस्वी कसं व्हावं, वेळ कसा वाचवावा, माणसं कशी जिंकावी, असल्या पुस्तकांचा. पलंगाखाली दोन खोके भरून पुस्तकं होती. घडीताईचा भाऊ घरी आला की न चुकता म्हणायचा, "भाऊजी, रोज एवढ्या लोकांना वर पोचवता, आणि संध्याकाळी स्वतः उतरता ते तळमजल्यावरच." लिफ्टमन हसायचा आणि पाहुण्याला अजून थोडा चहा ओतायचा.

त्या संध्याकाळी तो गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शिरला आणि एक पिवळ्या कव्हरचं पुस्तक घेऊन बाहेर आला. बाहीने त्यावरची धूळ पुसली.

"हे अगदी तुझ्यासाठी आहे. नव्याने साहेब झालेल्या माणसाने काय करावं."

"लिहिणाऱ्याने कधी अभ्रे मोजलेत का?"

"अगं, माणसं सगळीकडे सारखीच."

घडीताईला वाचायची सवय नव्हती. दिवसभर उभं राहून आल्यावर चार ओळींत तिचे डोळे मिटायचे. म्हणून असं ठरलं की ती स्वयंपाक करताना त्याने ओट्याशेजारी स्टुलावर बसून रोज चार पानं वाचून दाखवायची. तो छान वाचायचा. महत्त्वाचं वाक्य आलं की चष्म्यावरून तिच्याकडे बघायचा, आणि ती फोडणीकडे बघत "हं" म्हणायची.

पहिली गोष्ट तिने करून पाहिली ती सकाळच्या उभ्या मीटिंगची. पुस्तक म्हणत होतं, दिवसाची सुरुवात सगळ्यांनी गोल उभं राहून पाच मिनिटं बोलून करावी, उभं असलं की बोलणं आटोपशीर होतं. पाचही जण मुकाट्याने गोल उभे राहिले. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर एक काका होते. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? उभं राहायचं काम तर आम्ही दिवसभर करतोच. मीटिंग तेवढी बसून घेता आली तर बघा."

सगळे हसले. घडीताईही हसली, पण तिचे कान तापले.

दुसरी गोष्ट कौतुकाची. चांगलं काम करणाऱ्याचं चारचौघांत कौतुक करा, असं पुस्तकात होतं. विभागात सगळ्यांत जुन्या होत्या मावशी. नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण घडीताई पंचविसाव्या वर्षी इथे आली तेव्हा पहिल्या दिवशी चादरीच्या ढिगाऱ्यापुढे रडायला लागली होती, आणि मावशींनीच तिचे हात धरून कोपऱ्याला कोपरा कसा लावायचा ते शिकवलं होतं. म्हणून घडीताईने त्यांचंच नाव घेतलं. "मावशींचे गठ्ठे बघा, या वयातही किती नीटस," असं सगळ्यांसमोर म्हणाली.

बाकीच्यांची तोंडं आंबट झाली. मावशींचा चेहरा तर पांढरा पडला. डब्याच्या सुट्टीत त्या तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "वयाचं का काढलंस गं? मला काढायचं चाललंय का वर?"

"नाही हो मावशी. सहज म्हटलं."

"सहज कुणी कौतुक करतं होय?" असं म्हणून त्या डबा न संपवताच उठल्या.

तिसरी गोष्ट कार्डांची. प्रत्येकाने कामातलं आपलं ध्येय एका कार्डावर लिहून भिंतीवर लावायचं. पाचांपैकी चौघांनी लिहिलं, "जेवणाची सुट्टी वेळेवर मिळावी." एकाने काहीच लिहिलं नाही, नुसतं डब्याचं चित्र काढलं. घडीताईने ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण का मिळत नाही वेळेवर?" तिने शोधलं. सर्जरी वॉर्डाची गाडी बरोबर जेवणाच्या वेळेला, साडेबाराला, खाली यायची. तिने वर जाऊन ती एक वाजता मागवून घेतली. या एका गोष्टीने विभागात जरा बरं वातावरण झालं, आणि पुस्तकाची लाज राहिली.

पण गठ्ठ्यांची गडबड सुरू झाली होती. मुलांच्या वॉर्डात मोठ्यांच्या चादरी गेल्या. एकदा अभ्र्यांच्या गठ्ठ्यात दोन टॉवेल निघाले. घडीताईने सगळ्यांना सांगून पाहिलं, मग थोडं रागावूनही पाहिलं. सगळे माना डोलवायचे, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग एका मंगळवारी ऑपरेशन थिएटरची सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आली. तिच्या हातात एक हिरवी चादर होती. तिने ती दिव्यासमोर धरली. मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं.

"टेबलावर अंथरल्यावर दिसलं," ती म्हणाली. "पेशंट अजून आत यायचा होता, म्हणून बरं. अशी चादर आमच्याकडे पोचलीच कशी?"

घडीताईने चादर तिच्या हातातून घेतली. दुपारी मेट्रनबाईंची चिठ्ठी आली. चूक कुणाची आणि पुढे काय करणार, शुक्रवारपर्यंत लिहून द्यावं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती ढगासारखं तोंड घेऊन. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पिवळं पुस्तक उघडलं.

"चुकीबद्दल एक पूर्ण प्रकरण आहे यात. थांब, वाचतो."

"नको."

"दोनच पानं. फार छान सांगितलंय की चूक म्हणजे एक प्रकारची..."

"वीस वर्षं वाचताय ना ही पुस्तकं?" घडीताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. "काय झालं त्याने? लिफ्ट सोडून कुठे पोचलात तुम्ही?"

मेहुणा हेच वर्षानुवर्षं म्हणत आला होता. पण ते मेहुण्याने म्हणणं वेगळं होतं. लिफ्टमनने पुस्तक मिटलं, थोडा वेळ मांडीवर तसंच धरून ठेवलं, आणि मग वाकून पलंगाखालच्या खोक्यात ठेवून दिलं.

"जेवून घे," तो म्हणाला. "गार होतंय."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा आधीच निघून गेला. तिचा डबा भरून ठेवलेला होता. झाकण दोनदा दाबून घट्ट लावलं होतं, कारण मागच्या आठवड्यात तो पिशवीत सांडला होता. तो डबा हातात घेऊन घडीताई दारात जरा उभी राहिली. शब्द म्हणजे काही चादर नाही, डाग पडला तर पुन्हा धुवायला टाकायला.

विभागात त्या सकाळी तिने मीटिंग घेतली नाही. ती कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत राहिली. कधी नव्हे ते बघत राहिली म्हणून तिला दिसलं. मावशी चादर उचलत होत्या, पण चादरीकडे बघत नव्हत्या. त्यांची बोटं चादरीच्या काठावरून सरकत जायची, शिलाईपाशी थांबायची, शिलाई जाड की बारीक ते चाचपायची, आणि मग कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं ते ठरायचं. चार-पाच चादरींत एखादी चुकायची.

तिने मावशींना सामानाच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. दोघी साबणाच्या पिंपांवर बसल्या.

"मावशी, काय होतंय?" तिने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

घडीताईच्या तोंडात पुढचं वाक्य आलंच होतं, की काळजी करू नका, मी आहे, वगैरे. पण तेवढ्यात तिला नवऱ्याने वाचलेलं काहीतरी आठवलं. प्रश्न विचारला की मनातल्या मनात सातपर्यंत मोजायचं. आपण बोललो की समोरचा सुटतो. त्या वेळी ती म्हणाली होती, एवढं काय त्यात, हे तर कुणालाही कळतं. आता मोजायला लागली तर सात फार लांब होते. तीनवर तिला खोकला आला, तो तिने दाबला. पाचवर मावशींनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. सात झाले आणि संपले. दाराबाहेर रोलरचा घरघराट चालू होता.

"डाव्याने काहीच दिसत नाही," मावशी म्हणाल्या. "उजव्याने धुकं दिसतं. सात-आठ महिने झाले."

घडीताई पिंपावरून थोडी पुढे सरकली. आता ती मोजत नव्हती.

"हाताने कळतं गं मला सगळं. अभ्रा कळतो, लहान मुलांची चादर कळते. भोक नाही कळत. साहेब होते तोवर चाललं. हिरव्या चादरी ते स्वतः बघायचे ना, त्या दिव्याच्या टेबलावर. ते गेले आणि..." त्या थांबल्या. "दोन वर्षं राहिली आहेत माझी. आंधळी म्हणून घरी पाठवू नका म्हणावं."

हे ऐकताना घडीताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खालून दिवा लागणारं काचेचं टेबल खिडकीशी होतं. साहेब रोज तासभर तिथे उभे राहून एकेक हिरवी चादर त्यावर पसरून तपासायचे. किल्ल्यांबरोबर ते कामही तिच्याकडे आलं होतं. त्या टेबलावर तिने भिंतीवरून काढलेली ध्येयाची कार्डं ठेवली होती.

"मावशी, भोक तुम्ही बघायचंच नव्हतं," ती म्हणाली. "ते मी बघायचं होतं."

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग होता. तिथल्या चादरी मावशींनी वर्षानुवर्षं घडी करून पाठवल्या होत्या, स्वतः मात्र एकदाही त्या दारातून आत गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं आता काही होणार नाही, तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. डब्याच्या सुट्टीत घडीताई त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, पूर्ण पिकलाय. आजी, इतके दिवस कुठे होतात?"

"तळघरात," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी घडीताईने मेट्रनबाईंना कागद दिला. लिहायला तिला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. तपासणीचं काम विभागप्रमुखाचं असून ते माझ्याकडून राहून गेलं, असं तिने त्यात सरळ लिहिलं होतं. आता रोज सकाळी नऊ ते दहा ती दिव्याच्या टेबलापाशी असेल. मावशींचं ऑपरेशन होईपर्यंत घडी त्या घालतील, पण गठ्ठे दुसरं माणूस लावेल. मेट्रनबाईंनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "आपलीच चूक असं लिहिलेला कागद माझ्याकडे फार वर्षांनी आला." एवढंच. ओरडणं नाही की शाबासकी नाही.

घरात मात्र मंगळवारपासून पुस्तक उघडलं गेलं नव्हतं. लिफ्टमन स्टुलावर बसायचा, लसूण सोलून द्यायचा, पाण्याच्या वेळेबद्दल नाहीतर शेजाऱ्यांच्या नळाबद्दल बोलायचा. रुसला असता तर तिने समजूत काढली असती. तो रुसला नव्हता, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

शनिवारी तिला अर्धा दिवस होता. घरी न जाता ती त्याच्या कचेरीवर गेली. इतक्या वर्षांत ती तिथे दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा खाली पहारेकऱ्यापाशी निरोप ठेवून परतली होती. या वेळी ती लिफ्टच्या रांगेत उभी राहिली.

दार उघडलं. खाकी कपड्यांत तिचा नवरा स्टुलावर बसला होता. त्याने तिला पाहिलं आणि जरा सरकला. पाचसहा माणसं आत आली.

"चार," एक जण फोनकडे बघत म्हणाला.

"नऊ."

"सहा."

सगळ्यांत शेवटी एक बाई आली. चांगल्या कपड्यांतली, हातात फायली. ती आत शिरून थेट कोपऱ्यात गेली, पाठ भिंतीला लावली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. दार बंद झालं. लिफ्टमन समोर बघत हळू आवाजात बोलायला लागला, जणू स्वतःशीच.

"दुसरा गेला. श्वास आत. तिसरा गेला. चौथ्यावर थांबतोय, दार उघडेल. श्वास सोडा. पाचवा गेला. आता तीनच राहिले."

आठव्या मजल्यावर त्या बाईने डोळे उघडले, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेली. नवव्यावर उरलेलेही उतरले. लिफ्टमध्ये दोघंच राहिली.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

"तुमची सुट्टी कधी आहे?"

"आत्ताच. बदलीचा माणूस खाली आलाय."

खाली जाऊन लिफ्ट बदलीच्या माणसाकडे देऊन दोघं त्याच लिफ्टने अकराव्या मजल्यावर आली आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर बसली. पायऱ्यांवर ऊन होतं. त्याने डबा उघडून मधे ठेवला.

"ती बाई कोण?" तिने विचारलं.

"आठव्या मजल्यावर काम करते. कधीतरी लिफ्टमध्ये अडकली होती म्हणे लहानपणी. गुडघा दुखत असताना रोज आठ मजले चढायची. मी एका पुस्तकात वाचलं होतं, भीती वाटली की माणसाला पुढचं एकच पाऊल सांगत राहावं. म्हणून सांगतो. दीड वर्ष झालं आता."

"कधी बोलला नाहीत घरी."

"त्यात काय बोलायचं?"

घडीताईने घास हातात तसाच धरला. "मी मंगळवारी बोलले ते वाईट बोलले," ती म्हणाली.

"खोटं नव्हतं ना पण."

"का वाचता तुम्ही ती पुस्तकं?" तिने विचारलं, आणि मग गप्प बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. तो संपला तरी ती गप्प होती.

"तू पाहिलंस ना," तो शेवटी म्हणाला. "सकाळपासून लोक माझ्याशी आकड्यांत बोलतात. चार. नऊ. सहा. वाईट नसतात बिचारे, घाईत असतात. एखादा 'ए' म्हणतो. पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून कुणीतरी 'तुम्ही' म्हणतं. तुमच्यात काय आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही, म्हणतं. आता त्याला तरी काय ठाऊक असणार? पण बोलतं ना माझ्याशी. पंचवीस-तीस पानं बोललं की बरं वाटतं."

"मी म्हणते की 'तुम्ही'."

"तुझं 'तुम्ही' लग्नाबरोबर आलं. ते मोजायचं नाही," तो म्हणाला आणि हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

तिला रडू येत होतं, पण जिन्यावर कुणी येईल म्हणून तिने ते गिळलं. मग तिने त्याला सामानाच्या खोलीतली सगळी हकीकत सांगितली. मावशींचे डोळे, सातपर्यंत मोजणं, तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की तो जेवायचा थांबलाय.

"म्हणजे ते चाललं?" त्याने विचारलं. "खरंच चाललं?"

"चाललं."

"मी स्वतः कधी करून पाहिलं नव्हतं ते," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये कुणाला काही विचारायची वेळच येत नाही."

त्या संध्याकाळी तिनेच पलंगाखालून खोका ओढला. पिवळं पुस्तक अर्ध्यावरच होतं. राहिलेलं अर्धं दोघांनी भांडत भांडत वाचलं. हे चालेल, हे अजिबात चालणार नाही, हे लिहिणाऱ्याच्या घरी धुणीभांडी कोण करतं ते आधी विचारा. लिफ्टमनला अशी वाचायची सवय नव्हती. तो पुस्तकाचं सगळं खरं मानत आला होता. पण काही दिवसांनी त्यालाही गोडी लागली, आणि तो समासात पेन्सिलने बारीक "नाही" लिहायला शिकला.

विभागात उभी मीटिंग बंद झाली. त्याऐवजी घडीताई रोज एका माणसाच्या शेजारी उभी राहून दहा मिनिटं काम करते. रोलरवाले काका पहिल्या दिवशी म्हणाले, "हेही पुस्तकातलंच का?" ती म्हणाली, "नाही, हे साहेबांच्या काळात व्हायला हवं होतं असं मला वाटायचं, ते आहे." काका म्हणाले, मग ठीक आहे.

मावशींचा उजवा डोळा आधी झाला. ऑपरेशनला नेताना त्यांनी अंगाखालच्या हिरव्या चादरीचा काठ चाचपला आणि सिस्टरला विचारलं, "ही तपासलेली आहे ना?" तीन आठवड्यांनी काळा चष्मा लावून त्या कामावर आल्या. सगळे त्यांच्याभोवती जमले. मावशींनी चष्मा काढला, डोळे किलकिले केले आणि एकेकाकडे बघत गेल्या. काकांच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं आहे हे त्यांना लगेच दिसलं. घडीताईपाशी येऊन मात्र त्या बराच वेळ थांबल्या. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून त्यांनी तो खिडकीकडे वळवला.

"अगं, तुझे केस पांढरे झाले की," त्या म्हणाल्या. "हे कधी झालं?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा," घडीताई म्हणाली.

वरून मुलांच्या वॉर्डाची गाडी खाली आली. मावशींनी चष्मा पुन्हा लावला, पहिली चादर उचलली आणि तिचं दुसरं टोक घडीताईच्या हातात दिलं.